नियम क्रमांक नऊ

१४ मे

बारकू,

आशीर्वाद. पोचल्याचं कळवलं नाहीस म्हणून कानही पिळते आहे असं समज. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि काय ठरलं ते शेवटी कोणालाच आठवत नाही. कागदावर निदान एकाला गप्प बसावं लागतं.

रविवारी तुला धड चहासुद्धा दिला नाही. नुसतं "तळ्यावर काहीतरी झालंय, तू आपला जा" म्हणून पिटाळलं. काय झालं ते आता ऐक. सकाळी सहाच्या आतबाहेर, बागेचं गेट उघडायला अजून अर्धा तास होता तेव्हा, कोणीतरी तळ्यातल्या बेटावर ड्रोन नेला. बेटावरच्या झाडांत बगळ्यांची घरटी, पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची. मोठे बगळे सगळेच्या सगळे एका झपाट्यात उठले. पिल्लं घाबरून घरट्यांच्या कडेला आली आणि पटापट खाली पडली, काही पाण्यात, काही चिखलात. एकोणचाळीस मेली, बारकू. मी स्वतः मोजली. दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा मधेच आकडा विसरले. अकरा जिवंत सापडली. ती शिट्टीमामांनी धुण्याच्या टोपलीत घालून ऑफिसात आणली, आणि आता तिथे मासळीचा असा वास सुटलाय की कारकून खिडकीत बसून काम करतो.

आणि मामांना बक्षीस काय मिळालं? निलंबन! बावीस वर्षं सकाळपाळीचा पहारा करणारा माणूस, गळ्यात शिट्टी घातल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. चौकशी समितीचं गणित सरळ आहे. पुढचं गेट मामांच्या ताब्यात, मागचं कुलपात. म्हणजे ड्रोनवाला पुढूनच आला. म्हणजे मामा एक तर झोपले होते, नाहीतर ओळखीच्या कोणाला त्यांनी आत सोडलं. ३० जूनला सुनावणी आहे. तोवर काही निघालं नाही तर मामा कायमचे घरी, निवृत्तीला चौदा महिने उरलेले असताना, आणि वर नावाला बट्टा.

मागचं गेट माझ्या सरकारी घराला लागून, त्याची किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. ती तिथेच होती असं मी सहीनिशी लिहून दिलं. घरात पाहुणा होता का, तेही विचारलं. म्हटलं, धाकटा भाऊ होता, तो डोक्यावरून पांघरूण घेऊन घोरत होता, गलक्यानं मी उठले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. या खेपेला तू तुझं ते उडतं खेळणं आणलं नव्हतंस हे एक बरं झालं, नाहीतर लोकांनी तुझंच नाव घेतलं असतं.

आता कामाचं. बागेत ड्रोन उडवण्याबद्दल आमच्याकडे एक ओळसुद्धा नियम नाही. मोठ्या साहेबांनी ते करायचं माझ्या गळ्यात घातलंय. मी बागेची अधीक्षक, मला माती कळते, खत कळतं, माळ्यांची भांडणं कळतात. ड्रोनमधलं ओ की ठो कळत नाही. तू दोन वर्षं त्या ड्रोनवाल्यांच्या मंडळात उडवतोस. मला मसुदा करून दे. कडक कर. दया दाखवू नकोस.

अक्का


२३ मे

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा काहीतरी निघालं. एकदा वीज गेली, एकदा डॉक्टरांचा निरोप आला, तिसऱ्यांदा काय झालं आठवत नाही.

एकोणचाळीस म्हणजे फारच झाली. मला वाटलं होतं दोन-चार असतील. म्हणजे निघताना जे कानावर पडलं त्यावरून वाटलं होतं.

कवळ्या करायच्या कामात लक्ष लागत नाहीये. काल एका आजोबांच्या वरच्या कवळीबरोबर दुसऱ्याच आजींची खालची कवळी डब्यात भरून पाठवली. डॉक्टर म्हणाले, "काय हो, यांचं लग्न ठरवलंय का?" वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मेण तापवायला ठेवतो आणि विसरतो. बायको म्हणते, तुम्ही घरात असे फिरताय की लादी झिजेल.

मसुदा करतो. नक्की करतो. खरं सांगायचं तर मीच करायला हवा. पण आधी थोडं कळव. मामांना खरंच काढतील का, की नुसती भीती घालताहेत? त्यांना दुसरीकडे, रोपवाटिकेत वगैरे, नाही का पाठवता येणार? ते स्वतः काय म्हणतात? कोणाला पाहिलं वगैरे म्हणतात का? आणि तू जे सहीनिशी लिहून दिलंस ते बदलता येतं का? आपलं सहज विचारतो. सरकारी कागदांचं मला काही कळत नाही.

मी घोरतो हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

बारकू


२९ मे

बारकू,

एवढे प्रश्न तू शाळेत विचारले असतेस तर बाबांना तुझ्या निकालाच्या दिवशी घर सोडून फिरायला जावं लागलं नसतं.

मामांना खरंच काढतील. मोठ्या साहेबांना वरून टोचणी आहे, पेपरात फोटो आलाय, कोणीतरी एक डोकं द्यायचं आहे आणि मामांचं हाताशी आहे. मामा काय म्हणतात? समितीपुढे त्यांनी जे सांगितलं ते समितीला पटलं नाही, लिहूनसुद्धा घेतलं नाही. मला सांगितलं ते माझ्यापाशी आहे. तेव्हापासून माणूस मुका झालाय. निलंबित असल्यामुळे बागेत पाऊल टाकायची बंदी, तर रोज सहाला कुंपणाबाहेर येऊन उभे राहतात. गणवेश नाही, साधा सदरा. गजांतून बेटाकडे बघतात आणि बोटांवर काहीतरी मोजतात. साडेसहाला दुसरा पहारेकरी गेट उघडतो, तेव्हा मान फिरवून चालू लागतात. मी खिडकीतून बघते आणि दिवसभर कोणावर तरी खेकसत राहते.

माझी सही बदलायची कशाला? मी खरं तेच लिहिलंय.

नियमांसाठी लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या, तर पाऊस पडला कागदांचा. पलीकडच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणते, ड्रोनमुळे तिला गॅलरीत केस विंचरता येत नाहीत. लग्नाचे फोटो काढणारा म्हणतो, नवरा-नवरी तळ्याकाठी असताना दहा मिनिटं सूट द्या, बगळ्यांनाही आनंद होईल. एक निवृत्त मास्तर म्हणतात, ड्रोनच्या आधी कुत्री बंद करा. एकानं नुसतं लिहिलंय: "माझा या नियमांना विरोध आहे. नियम वाचल्यावर कारण कळवीन." हसू की रडू ते कळेना.

आणि एक आठवी-नववीतली मुलगी लिहिते, मी सपाट मैदानावर उडवते, कोणाच्या डोक्यावर नेत नाही, बंद करू नका, एक कोपरा द्या. तिचा कागद मी वेगळा ठेवलाय. सगळंच बंद करणं सोपं आहे, पण मग तिच्यावर अन्याय. तुझ्या मसुद्यात तिच्यासाठी काहीतरी बघ.

आणि लवकर. लादी नंतर झिजव.

अक्का


६ जून

अक्का,

सोबत मसुदा. पंधरा वेळा लिहिला. मंडळातल्या कोणाला दाखवला नाही. वाचताना कंटाळशील म्हणून थोडक्यात इथेच सांगतो.

पहिला नियम, बाग उघडण्याच्या आधी आणि बंद झाल्यावर ड्रोन उडवायचा नाही. कोणीही. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनीसुद्धा नाही. दुसरा आणि तिसरा नोंदणीचा आणि माणसांच्या डोक्यावरून न नेण्याचा, ते सगळीकडे असतातच. चौथा, घरट्यांच्या महिन्यांत तळ्यावर आणि तळ्याच्या काठावरून पूर्ण बंदी. यात दयामाया नको. पाचवा, उगवत्या उन्हाकडे तोंड करून उडवायचा नाही, कारण पडद्यावर काही दिसत नाही आणि माणसाला वाटतं आपण लांब आहोत. सहावा तुझ्या त्या मुलीसाठी: उत्तरेचं सपाट मैदान, रविवारी नऊ ते अकरा, झाडाच्या शेंड्याहून खाली. सातवा, कर्मचारी निवासाजवळच्या पायऱ्यांवरून उडवायचा नाही. तिथून बेट अगदी समोर येतं आणि मोह होतो. आठवा, चूक झाली तर उडवणाऱ्यानं तिथेच थांबायचं, पळायचं नाही.

नववा जरा वेगळा आहे, पण महत्त्वाचा. शब्दशः देतो: "घरट्यांच्या वर ड्रोन असताना पहारेकऱ्याने शिट्टी वाजवू नये. नुसत्या ड्रोनने पक्षी माना वर करतात, चुळबुळ करतात. परंतु त्यात लागोपाठ शिट्ट्या झाल्यास सर्व एकदम उठतात व पिल्ले पडतात. पहारेकऱ्याने हात करून ड्रोन उतरवण्यास सांगावे." दहावा दंडाचा. तो तूच ठरव. जास्त ठरव.

मामांबद्दल काही कळलं का? परवा एक साचा हातातून पडून फुटला. तिसरा.

बारकू


९ जून

बारकू,

मसुदा मिळाला. बाकीचं नंतर.

नियम क्रमांक नऊ. शिट्टीचं तुला कोणी सांगितलं?

अक्का


१३ जून

अक्का,

कोणी सांगायला कशाला हवं? शिट्टीमामा म्हटल्यावर शिट्टी आलीच की. पेपरातही असेल काहीतरी. किंवा मंडळात कोणीतरी बोललं असेल, आमच्याकडे असल्या गोष्टी निघतात. आवाजाला पक्षी बिचकतात हे कुठल्याही पुस्तकात आहे. तू उगाच कशाला खोलात शिरतेस?

नऊ नंबर नको असेल तर काढून टाक. दहाचा नऊ कर.

इकडे ठीक. घाईत आहे.

बारकू


१७ जून

बारकू,

पेपरात शिट्टी नाही. मी सगळी कात्रणं काढून पुन्हा वाचली. शंभर हरकतींत शिट्टी नाही. समितीच्या कागदांत नाही, कारण मामा त्यांना सांगत होते, "साहेब, मी तीनदा शिट्टी वाजवली," आणि साहेब म्हणाले, "ऐकली कोणी?" मी तेव्हा झोपेत होते, मला जाग आली ती पक्ष्यांच्या गलक्यानं. समितीबाहेर मामांनी फक्त मला सांगितलं आणि मी ते कोणापाशी बोलले नाही, तुझ्यापाशीसुद्धा नाही. त्या सकाळी ती शिट्टी ऐकणारा जगात एकच माणूस होता आणि त्यानं ती नियमात लिहून मला पाठवली. लागोपाठ शिट्ट्या! माना वर करतात! हे पुस्तकात असतं होय रे?

तुझ्या मसुद्यात नियम नाहीतच. पायऱ्या, उन्हाकडे तोंड, पळायचं नाही. रविवारी सकाळी तू जे जे केलंस ते तू ओळीनं मांडलंस आणि त्याच्यापुढे "करू नये" लिहिलंस.

आणि माझा खरा संताप कशाचा ते ऐक. ज्या माणसाची नोकरी तुझ्यामुळे चालली आहे, त्याच्याच शिट्टीवर बोट ठेवलंस. तू चुळबुळ केलीस फक्त, पिल्लं त्यानं पाडली, असंच ना? नियमाच्या भाषेत लिहिलं म्हणून मला वास येणार नाही असं वाटलं?

आता माझं ऐक, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पंखा सगळ्या जोरावर फिरत होता, आपण दोघं घामानं भिजलो होतो, आणि तू डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला. तुझे बूट दाराशी होते आणि त्यांना ओला चिखल होता. मी पाहिला. त्याच दिवशी पाहिला, आणि स्वतःला म्हटलं, काल संध्याकाळी फिरायला गेला होता त्याचा असेल. रात्रभरात चिखल सुकतो हे बागेच्या अधीक्षकाला कळत नाही का? मग समितीपुढे गेले आणि छातीठोकपणे सही केली.

आणि तुझा कागद टंकायला देण्याआधी नऊ नंबर खोडला. एका रेघेत खोडला, हेच मला सलतंय. आठ दिवस झाले. रोज सहाला मामा कुंपणापाशी येतात, काल मी दूध घ्यायला बाहेर पडले तर समोरासमोर आले. म्हणाले, "बाई, अकरातली किती राहिली?" म्हटलं, दहा. "पायांना जोर आलाय का?" म्हटलं, हो. सुनावणीचं एका शब्दानं विचारलं नाही. मी दूध न घेताच परत आले.

बोल आता. नाहीतर मी बोलते. तारीख तुला पाठ आहे.

अक्का


२५ जून

अक्का,

पाच दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. बायकोला काल सांगितलं. ती उठून गच्चीवर गेली. तुझ्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

हो. मीच.

ड्रोन मी पिशवीत कपड्यांखाली लपवून आणला होता. तुला चकित करायचं होतं. वीस वर्षं तू त्या बागेत राबलीस, एक-एक वाफा गुडघ्यावर बसून आखलास, आणि बाग वरून कशी दिसते ते कधी पाहिलं नाहीस. म्हटलं, तुझ्या वाढदिवसाला तुझी बाग तुला वरून दाखवावी. माणसं यायच्या आत म्हणून पावणेसहाला उठलो. किल्ली खिळ्यावरून काढली, मागचं गेट उघडलं, पायऱ्यांवर उभा राहिलो.

चार मिनिटं अकरा सेकंदांचं आहे ते चित्रण. मी ते किती वेळा पाहिलं सांगू शकत नाही. तुझे वाफे दिसतात, ते वळणदार, पाटावर रांगोळी काढावी तसे. तुझ्या घराच्या छपरावर वाळत टाकलेली फरशी पुसायची फडकी दिसतात. मग तळं, मग बेट. बगळे माना वर करून बघत होते. मला वाटलं, काय सुंदर आहे. पन्नास पांढऱ्या माना. अजून थोडा खाली नेला, अक्का. तिथेच थांबलो असतो तर. मग पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या गेटकडून एक माणूस धावत येताना दिसतो. हातात किल्ल्यांचा जुडगा, गेट त्याच्यामागे बंदच आहे, स्पष्ट दिसतं. तळ्याकाठी येऊन तो वर बघतो. थेट माझ्याकडे. शिट्टी मी कानानं ऐकली, एक, दोन, तीन. आणि पडदा पांढरा झाला.

मी ड्रोन खाली घेतला, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पांघरुणात शिरलो. तू दार उघडून बघितलंस ते मला कळलं. घोरत होतो ते खोटं होतं.

नंतर स्वतःला रोज एकच सांगत राहिलो, मी बोललो तर तुझी सही खोटी ठरेल, तुझी नोकरी जाईल, म्हणून गप्प बसायला हवं. किती चांगला भाऊ मी! सगळं थोतांड. मी भ्यालो, एवढंच आहे. मसुदा लिहिताना वाटलं, नियम इतके कडक करू की पुन्हा कोणी असं करणार नाही, आणि मग माझं फिटेल. नऊ नंबर लिहिला तेव्हा खरंच वाटत होतं की मी पक्ष्यांसाठी लिहितोय. तू म्हणालीस ते वाचलं आणि कळलं की कोणासाठी लिहीत होतो.

त्या चित्रणात मामा जागे आहेत, गेट बंद आहे, आणि ते धावताहेत. यापेक्षा त्यांना दुसरं काही नको. पोस्टानं पाठवत नाही. पोस्टात हरवलं तर मला बरंच वाटेल, म्हणून. ३० तारखेला हातानं घेऊन येतो. तू माझ्याशी बोलू नकोस, ओळख दाखवू नकोस, मी समोर उभा राहून सांगतो.

तुझ्या सहीचं काय होईल ते मला माहीत नाही. त्याची माफी मागता येत नाही, म्हणून मागत नाही.

बारकू


११ जुलै

बारकू,

तू बोललास, चित्रणाचं कार्ड टेबलावर ठेवलंस आणि निघून गेलास. मी मान वर केली नाही. केली असती तर सगळ्यांसमोर एक तर तुला थोबाडलं असतं नाहीतर रडले असते, आणि दोन्हीला त्या खोलीत जागा नव्हती. पुढचं तुला ठाऊक नाही ते लिहिते.

तू गेल्यावर मीही उठले आणि सांगितलं की किल्लीची जबाबदारी माझी होती, चिखलाचे बूट मी पाहिले होते आणि नववा नियम मी खोडला होता. मोठे साहेब पेन चावत बसले. माझी बदली रोपवाटिकेत झाली आहे आणि महिनाअखेरीला हे घर सोडायचं आहे. सामान बांधते आहे. बावीस कुंड्या कुठे न्यायच्या हा प्रश्न आहे, बाकी काही नाही. तुला नोटीस येईल. आली की निमूट उत्तर दे. ड्रोनच्या नियमाखाली तुला धरता येत नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता. घरट्यांच्या नुकसानाखाली धरतील.

कार्ड कारकुनाच्या मशीनवर लावलं. मामांना समोर बसवलं होतं. सगळे गेट बघत होते, बंद आहे की नाही ते. मामा एकटे बेट बघत होते. संपलं. साहेब म्हणाले, "झालं, मामा, तुम्ही सुटलात, उद्यापासून कामावर या." मामा म्हणाले, "परत लावा." परत लावलं. "शिट्टीपासून लावा." तिसऱ्यांदा लावलं. त्या खोलीत तुझ्या ड्रोनचा आवाज नाही, शिट्टीचा नाही, काहीच ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. पडद्यावरच्या मामांनी तोंडाला शिट्टी लावली आणि बगळे उठले. आधी नाही, बारकू. नंतर. तू लिहिलं होतंस तसंच.

मामा माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "बाई, त्यांनी शिट्टीचा नियम लिहिला होता म्हणालात. तो खोडलात कशाला? बरोबर आहे तो. परत घाला." मी म्हटलं, मामा, तो त्यानं अंगावरचं झटकायला लिहिला होता. तर म्हणाले, "कशासाठी का लिहिला असेना. मला दीड महिना झाला शंका होती. कोणाला विचारणार? तिथे मी आणि पक्षी." गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला तिथे बसवेना.

नियम काल फलकावर लागले. दहा आहेत. नववा तुझ्या शब्दांत आहे, फक्त शेवटी मामांनी एक वाक्य घालायला लावलं: पहारेकऱ्याने काठावर लाल कापड हलवावे. कापड त्यांनीच आणलंय, त्यांच्या बायकोच्या जुन्या साडीचं. त्या मुलीला उत्तरेचा कोपरा मिळाला. दहा पिल्लांपैकी सात उडाली, तीन अजून ऑफिसात कारकुनाच्या फायलींवर बसतात.

मी तुझ्यावर रागावले आहे आणि बरेच दिवस रागावलेलीच राहणार आहे. मधेमधे पत्र पाठवून माझी समजूत काढत बसू नकोस. तुझं ते चित्रण मी घरी आणलं. एकदाच पाहिलं, वाफ्यांपर्यंत, आणि बेट यायच्या आत बंद केलं. माझी बाग चांगली आहे रे.

मागच्या गेटची किल्ली ऑफिसात जमा केली. खिळा तसाच आहे.

काल सकाळी मामांना विचारलं, माझ्या भावाला काही सांगायचंय का? म्हटलं, शिव्या असल्या तरी लिहीन. ते कुलपाला तेल घालत होते. किल्ली दोनदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, "पिल्लं मोजायला दोन माणसं लागतात. एकानं मोजायची, एकानं लिहायची. तुम्ही तर चाललात. त्यांना सांगा, पुढच्या मोसमात सहाला या. मोकळ्या हातांनी या. पुढच्या गेटनं या, मी उघडतो."

अक्का